दुसरा नळ

न्हाणीघरातल्या नळाला पाणी नसलं की मी स्वयंपाकघरातला नळ उघडून बघतो. गच्चीवरची टाकी एकच आहे हे मला ठाऊक आहे. पण माणूस आशेवर जगतो आणि पुणेकर दुसऱ्या नळावर. तिथंही फुस्स झालं की बाल्कनीतला. बायको म्हणते, "अहो, टाकीच रिकामी आहे." तिचं बरोबर असतं. म्हणून तर चिडायला होतं.

ट्विटर मी याच धर्तीवर वापरलं. सुरुवातीच्या वर्षांत त्याची टाकी वरचेवर आटायची आणि पडद्यावर एक फिकट देवमासा यायचा. आठ नारिंगी पाखरं त्याला दोऱ्यांनी उचलून नेताहेत, असं चित्र. यियिंग लू या चित्रकार बाईंनी ते मुळात परदेशातल्या मित्राला वाढदिवसाची भेट म्हणून काढलेलं. सेवा बंद असल्याचं इतक्या गोडीनं कुणी सांगितलेलं मी पाहिलं नाही. आमच्या सोसायटीत फळ्यावर खडूनं 'गुरुवारी पाणी नाही' असं लिहितात, तेही शुक्रवारी.

देवमासा दिसला की शहाणा माणूस चहा टाकायला उठेल. मी दुसरं अ‍ॅप उघडायचो. कारण ट्विटरनं आपल्या पाइपलाइनीला बाहेरच्यांना तोट्या बसवू दिल्या होत्या. आणि तोट्या तरी काय एकेक! ट्विटरिफिक हे त्यातलं जुनंजाणतं, २००७चं. पाखराचं चित्र ट्विटरच्या आधी यांनी वापरलं, 'ट्वीट' हा शब्दही यांच्याच घरून आला. म्हणजे बारसं शेजाऱ्यांनी उरकलं. ट्वीटडेक उघडलं की शेअरदलालाच्या टेबलाशी बसल्यासारखे रकानेच रकाने. आणि ट्वीटी! लॉरेन ब्रिक्टर या एकट्या पोराची करामत. यादी बोटानं खाली ओढायची, सोडायची, की ताजा माल वर. आज सगळं जग तसंच ओढतं. मला त्यात अमेरिका दिसत नाही, गावचा हापसा दिसतो. २०१०मध्ये ट्विटरनं ट्वीटी विकत घेऊन तिचंच आपलं सरकारी अ‍ॅप केलं, ते मला रास्तच वाटलं. धरण बांधणाऱ्याला तोटी जमतेच असं नाही.

त्याच वर्षी फुटबॉलचा विश्वचषक होता. गोल झाला की सगळं जग एकदम ओरडायचं आणि ट्विटर आडवं व्हायचं. गोल कुणी केला हे शोधायला मी अ‍ॅपमागून अ‍ॅप हापसत सुटायचो. बाहेरच्या अ‍ॅपांना ताशी ठरावीकच विनंत्या करता यायच्या. माझा शिधा सामन्याच्या मध्यंतरालाच संपलेला असे. शेवटी गोल कुणाचा ते बायकोनं सांगितलं. टीव्ही समोरच चालू होता.

एकदा तर 'काही बिघडलंय का?' असं मी लिहिलं. गेलंय असं दिसेना, म्हणून दुसऱ्या अ‍ॅपमधून पाठवलं, मग तिसऱ्या. तासाभरानं तिन्ही एकामागोमाग अवतरली. खाली एका भल्या गृहस्थानं उत्तर दिलं होतं, 'हो, तुमच्यात.'

गंमत अशी, की टाकी जसजशी भरवशाची झाली तसतशा तोट्या मालकाच्या डोळ्यांत खुपू लागल्या. २०१२मध्ये नियम आला : नव्या अ‍ॅपला एक लाखाच्या वर गिऱ्हाईक घ्यायचं तर आमची परवानगी काढा. धंदा करा, पण चालता कामा नये! आणि २०२३च्या जानेवारीत, आपल्याकडे १३ तारखेची सकाळ होती, ट्विटरिफिक, ट्वीटबॉट अशी नावाजलेली अ‍ॅपं एकाएकी कोरडी पडली. पाखरं नाहीत, देवमासा नाही. अशी अ‍ॅपं चालणार नाहीत हे नियमावलीत लिहिलं गेलं ते आठवड्यानं. आधी नळ कापला, मग नोटीस डकवली.

अ‍ॅपवाल्यांपुढे वेगळाच पेच. लोकांनी वर्षाची वर्गणी आधीच भरलेली. उरलेल्या महिन्यांचे पैसे परत जाणार, ते बहुतेक यांच्याच खिशातून. म्हणून या दोघांनी शेवटच्या आवृत्तीत एक बटण ठेवलं : 'परतावा नको.'

कोथिंबिरीची जुडी घेताना दोन मिरच्या वर मागणारा मी. पण ते बटण मुकाट दाबलं. लागलं की नाही कळेना, म्हणून पुन्हा दाबलं. मग बायकोचा फोन मागितला.