मामांचा रुमाल

लातूरचे आमचे मामा जुने आडते. मार्केट यार्डात तूर-सोयाबीनचे सौदे करण्यात जन्म गेला. आता ते घरी बसलेत, पण त्यांची बोटं बसलेली नाहीत. त्यांच्या उमेदीत भाव रुमालाखाली ठरायचा. रुमालाआड एकमेकांची बोटं दाबायची आणि तोंडानं पाऊसपाण्याच्या गप्पा मारायच्या. आता उघड लिलाव होतात, म्हणून मामांच्या मते बाजारात चव राहिली नाही. ते कुठेही गेले की भाव विचारतात, घेत काही नाहीत, आणि माळेगावच्या जत्रेतला भाव ऐकवून पुढे चालू लागतात.

अशा माणसाला घेऊन आम्ही प्रागला गेलो.

चौकात १४१० सालच्या घड्याळाखाली सगळे माना वर करून उभे. तास भरला, सांगाड्यानं घंटा वाजवली, वरच्या खिडक्यांमधून येशूचे शिष्य फिरून गेले. "फुकटात बाहुल्यांचा खेळ. बरंय," म्हणत मामा गल्लीतल्या एका दुकानात शिरले. आत छतापासून राजे, विदूषक, चेटकिणी दोऱ्यांना लोंबत होत्या.

दाणा दाताखाली फोडून ओलावा सांगणारा माणूस! इथे त्यांनी नखावर भागवलं. राजाच्या टाचेला नख मारलं तशी पांढरी भुकटी निघाली.

"गणपतीवानी पीओपी हाय की रे हे! लाकडाचं काढ म्हणावं."

मी ते इंग्रजीत जरा सभ्य करून सांगितलं. म्हातारा दुकानदार हसला आणि त्यानं आतून लिंडनच्या लाकडात कोरलेला वोदनिक आणला. हे तिकडचं पाण्यातलं भूत. रंगानं हिरवं, बुडालेल्यांचे आत्मे झाकणाच्या भांड्यांत कोंडून ठेवणारं.

"घरात भूत आणायलाव का?" मामी कळवळल्या.

"येऊ दे की. लातुरात त्याला माणसं लई मिळतील, बुडवायला पाणी कुठलं आणतंय?"

चेक कळसूत्री खेळाला युनेस्कोनं वारशाच्या यादीत घेतलं ते २०१६ साली, आणि त्याच साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. तेव्हाच्या घागरींच्या रांगा आठवल्या की मला मामांचं बोलणं नुसता विनोद वाटत नाही.

किंमत अठराशे कोरुना, म्हणजे सात हजारांच्या आसपास.

"एवढ्यात माळेगावात गाढव येतंय," मामा म्हणाले, "आन् ते बिनदोऱ्याचं चालतंय."

एरवी इथेच पाठ फिरायची. पण मामांनी खिशातून रुमाल काढला आणि म्हाताऱ्याच्या हातावर टाकला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हातारा दचकला, पण त्यानं हात काही काढला नाही. त्याचाही जन्म बोटांवरच गेलेला. रुमाल दोनदा हलला. म्हाताऱ्यानं मान हलवून नाही म्हटलं. रुमाल पुन्हा हलला. मग दोघेही एकदम हसले. मामींनी पर्समधल्या नोटा माझ्याकडे पाठ करून मोजल्या.

परत आल्यावर मामा वोदनिकाला घेऊन आमच्याकडे नांदेडला आले. आईनं त्याला उलटसुलट करून पाहिलं.

"दादा, कितीला पडलं हे?"

मामा गालात हसले. आईनं पदर हातावर ओढून पुढे केला. मामांनी त्याखाली हात घातला आणि म्हणाले, "औंदा पाऊस बरा दिसायलाय."

"अगं बाई!" आई म्हणाली.

मी तिला तीनदा विचारलं. दर वेळी ती पाऊसपाण्यावर बोलते.