डोंगर नसलेल्या गावची मावशी

जून उजाडला की आमच्या शेजारच्या मालवणी मावशींचं बिनसतं. ऑकलंडमध्ये तेव्हा ऐन हिवाळा, त्यात पाऊस. आणि पाऊस म्हटला की मावशींना त्यांचं गाव देवबाग आठवतं. मी सोलापूरची. समुद्र पाहिला तो लग्नानंतर. त्यामुळे कुंपणाच्या या बाजूला उभं राहून ऐकणं, एवढंच माझं काम.

“ह्यो काय पाऊस गो? नुसतो शिंतोडे मारता. आमच्याकडे पडाक लागलो की खाडी खंय नि दर्यो खंय, कळणा नाय!”

“पण मावशी, तिकडे आता मासेही बंद असतील ना?”

“तर! 1 जून ते 31 जुलै बंदी. ती सरकारची. आमचे म्हातारे तर नारळी पुनव झाल्याबगर दर्यात होडी घालीत नसत. आणि आयक, हय पण तसाच आसा. गजाल सांगतंय तुका.”

गजाल अशी. मावशी पिशवी घेऊन किनाऱ्यावर तिसऱ्या शोधायला गेल्या होत्या. तिसऱ्यांसारखीच शिंपली इथे मिळतात, माओरी लोक त्यांना पिपी म्हणतात. तिथे एक माओरी आजी भेटली. म्हणाली, बाई, इथे राहुई आहे, काही काढू नकोस. राहुई म्हणजे जमातीने घातलेली बंदी. समुद्रात कुणी बुडालं किंवा शिंपलं संपत आलं, की तेवढा किनारा मोकळा सोडायचा. समोरच्या वायहेके बेटाभोवती न्गाती पाओआ जमातीने 2021 मध्ये शिणाणे, शेवंडी वगैरेंवर अशीच राहुई घातली. मागाहून सरकारनेही तिथे कायद्याने बंदी केली.

“मगे तुम्ही काय केलंत?”

“काय करतलंय? पिशवी गुंडाळलंय नि तिच्या बाजूक बसलंय. तर ती माका इचारता, तुझो डोंगर खंयचो? तुझी नदी खंयची? नाव नाय इचारल्यान हां आधी!”

याला पेपेहा म्हणतात, हे मावशींनीच मला समजावलं. माओरी माणूस चारचौघांत उभा राहिला की आधी आपला डोंगर सांगतो, नदी सांगतो, पूर्वज ज्या होडीतून आले ती होडी सांगतो. ताइनुई, ते अरावा, माताआतुआ अशी त्या होड्यांची नावं. स्वतःचं नाव शेवटी.

“पण देवबागात डोंगर खंयचो गो? एका बाजूक करलीची खाडी, दुसऱ्या बाजूक दर्यो, मधी वाळू! मगे मी सांगलंय, नदी करली. नि करली येता सह्याद्रीसून, म्हणजे डोंगर सह्याद्री. बरोबर मा?”

“बरोबर. पण मावशी, ते माउंट ईडन सांगायचं की. तुमच्या ओट्यावरून दिसतं.”

मावशींनी हातातली कोथिंबीर खाली ठेवली.

“त्यांचो डोंगर माझो कसो जायत? मौंगाफाउ म्हणतत त्येका. डोंगराक ते पूर्वज मानतत. उद्या कोणी येवन तुझ्या आज्याक माझो आजो म्हणलो, तर चलात तुका?”

नाही चालणार. ऑकलंडचे 14 डोंगर या लोकांना परत मिळायला 2014 चा कायदा यावा लागला. माउंट ईडन त्यांतलाच एक. आता 13 जमातींच्या गटांची त्यांवर सामाईक मालकी आहे.

मी आपलं सारवासारव म्हणून म्हटलं, “म्हणजे तुमच्यासारखीच त्यांनाही गावाची ओढ.”

“माझ्यासारखी? ओकाहूचा म्हायत नाय वाटता तुका.”

ओकाहू बे म्हणजे आमची सगळी मंडळी उन्हाळ्यात पोहायला जातात तो किनारा. तिथे न्गाती फातुआ लोकांची वाडी होती. आधी शहराच्या मैल्याचा नळ त्यांच्या दारावरून समुद्रात सोडला, मग 1952 मध्ये लोकांना वरच्या सरकारी घरांत हलवून वाडी जाळून टाकली. उरलेल्या टेकडीवर सरकार श्रीमंतांसाठी घरांचे प्लॉट पाडायला निघालं, तेव्हा 1977 च्या जानेवारीत ते लोक टेकडीवर जाऊन बसले. 506 दिवस हलले नाहीत. 25 मे 1978 ला पोलीस आणि लष्कर आलं, 222 जणांना अटक झाली. जमीन परत करायचं सरकारने कबूल केलं ते त्यानंतर दहा वर्षांनी.

“मी तिकीट काढून इलंय गो,” मावशी म्हणाल्या. “माझा घर देवबागात उभा आसा. कौला फुटली तर भावाक फोन करतंय. त्यांची वाडी त्यांच्या डोळ्यांदेखत जाळल्यानी. माझी आठवण नि त्यांची आठवण एका टोपात शिजवू नको.”

मी जरा वेळाने म्हटलं, “उन्हाळ्यात पोरांना तिथेच नेणार आहोत पोहायला.”

“ने मा. पण आधी वरच्या टेकडीर ने, काय झाला ता सांग, मगे पाण्यात सोड. नि कोणी इचारल्यान तर आपली नदी सांगाक शिकव.”

“आमची सीना. उन्हाळ्यात पाणीसुद्धा नसतं हो तिला.”

“नसांदे. सीनाच सांग. पाणी नाय म्हणान कोणी दुसऱ्याची नदी सांगणा नाय.”