३१चे ३४

आमच्या भाच्याने अमेरिकेत जाऊन क्रिएटिव्ह नॉनफिक्शनमध्ये एमएफए करायचे ठरवले आहे. म्हणजे जे खरोखर घडले, ते कादंबरीच्या थाटात लिहायचे. बँकेतून निवृत्त झालेल्या मेहुण्यांचा पहिला प्रश्न रास्त होता: "नोकरी कशात लागते?"

"हेच दुसऱ्यांना शिकवण्यात," भाचा म्हणाला.

साखळी योजनांपासून खातेदारांना सावध करण्यात मेहुण्यांची हयात गेली. त्यांनी चष्मा काढून पुसला.

विद्यापीठांच्या यादीत सर्वांत वर आयोवा. १९३६ सालची सुप्रसिद्ध रायटर्स वर्कशॉप तिथलीच, पण ती कथा-कादंबरी आणि कवितेची. नॉनफिक्शनचा संसार त्याच विद्यापीठात, पण इंग्रजी विभागात वेगळा. आपले दिलीप चित्रेही सत्तरच्या दशकात आयोवात राहून आले होते, हे मी मेहुण्यांना सांगितले. "तेव्हा पैसे कोणी भरले?" एवढेच त्यांनी विचारले. ते पाहुणे लेखक होते म्हटल्यावर त्यांचा चित्र्यांविषयीचा आदर एकदम वाढला.

मग भाच्याने लेखक जॉन डगाटांचा किस्सा उत्साहाने सांगितला. लास व्हेगासवरच्या लेखात त्यांनी तिथल्या स्ट्रिप क्लबांची संख्या ३१ऐवजी ३४ लिहिली. लेखातली तथ्ये तपासणाऱ्या तपासनिसाने हटकले, तर उत्तर मिळाले की वाक्यात ३४ची लय जास्त बरी लागते. या हुज्जतीचे २०१२ साली पुस्तक निघाले आणि त्यातली हुज्जतही बरीचशी मागाहून रचलेली निघाली. पुढे डगाटा आयोवाच्या याच अभ्यासक्रमाचे संचालक झाले. मेहुणे म्हणाले, "आमच्या शाखेत एका कॅशियरने असंच केलं होतं. त्याला लय कळत होती, हे आम्हाला कळलं नाही."

न्यूयॉर्कच्या कोलंबियाची फी रुपयांत मांडून पाहिली आणि तो कागद बहिणीच्या नजरेआड ठेवला. शहाण्याने फी माफ करून वर विद्यावेतन देणारे विद्यापीठ धरावे, हे माझे स्पष्ट मत. त्या बदल्यात पहिल्या वर्षाच्या अमेरिकन पोरांना निबंध शिकवावा लागतो. सदाशिव पेठेतला मुलगा आयोवातल्या मुलांना इंग्रजीतला स्वल्पविराम कुठे द्यायचा ते सांगणार, या एका चित्रावर मी अर्धी फी द्यायला तयार आहे.

खरी अडचण अर्जासोबतच्या वीसेक पानी नमुन्याची. भाच्याजवळ दुःखच नाही. आईबाप एकत्र नांदतात, घरात व्यसन चहाचे. दहावीला भूमितीत मार्क कमी पडले, तो प्रसंग त्याने कसाबसा ताणला. अकराव्या पानावर वडील पट्टा काढतात.

"मी कधी हात तरी उगारला का रे?" मेहुणे.

"लयीसाठी घेतलंय, बाबा."

"मग लयीत आईलाही दोन फटके मारू दे. मी एकट्यानेच का?"

प्रवेश मिळालाच तर व्हिसाच्या खिडकीवर शिकून मायदेशी परतण्याचा इरादा पटवून द्यावा लागेल. क्रिएटिव्ह नॉनफिक्शनची खरी तोंडी परीक्षा तीच. शिवाय पदवीनंतर तिथे काम करायला इंजिनिअरांना तीन वर्षे मिळतात, लेखकाला एकच. सत्य एवढ्यात उरकते, असा अमेरिकन सरकारचा हिशेब असावा.

मुलगा घरातले खरेखुरे लिहिणार, ही बातमी दरम्यान नात्यागोत्यात पसरली. आत्याने एका अर्जाची फी भरली. अट एकच: वाटणीच्या वेळी आजीच्या पाटल्या कुणाच्या कपाटात गेल्या, ते नावानिशी यावे. दुसऱ्या दिवशी काकूचा फोन आला. ते न लिहिण्याबद्दल ती दोन अर्जांची फी द्यायला तयार होती. भाचा विचार करून सांगतो म्हणाला आणि यादीत आणखी चार विद्यापीठे घातली.