नैराश्याचा एक्स-रे

हॉस्पिटल मॅनेजमेंट शिकून मनोरुग्णालयाच्या कचेरीत इंटर्नशिपला आलेल्या पोरांना लवकरच कळतं, इथे आधी फाइल, मग रुग्ण. 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने विमा कंपन्यांना बजावलंय, मनाच्या आजारालाही शरीराच्या आजारासारखंच विमासंरक्षण द्या. कंपन्या तयारच असतात हो! फक्त तीव्र नैराश्याच्या क्लेमवर टीपीएची, म्हणजे क्लेम तपासणाऱ्या मध्यस्थ कंपनीची, क्वेरी येते: 'एक्स-रे जोडा.' इंटर्न बिचारा स्टेपलर हातात धरून विचारात पडतो, छातीचा की डोक्याचा? साहेब म्हणतात, "असेल तो लाव रे, फाइल पुढे सरकू दे." स्टायपेंडचं विचाराल तर अनुभवाचं प्रमाणपत्र मिळतं, गोल शिक्क्यासकट. फारच ताण आला तर 'टेली-मानस' या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास मोफत चालू असतो. रुग्णांइतकाच तो इंटर्न मंडळींनीही लिहून ठेवावा.