कमिटीनं बांधलेला चौक

एखादी सुंदर गोष्ट कमिटीनं घडवली, असं मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त वाचायला दिलं असतं. पण इटलीतल्या सिएना गावचा ‘पियाझ्झा देल कांपो’ हा चौक नखशिखांत कमिटीचं काम आहे. १२८७ ते १३५५ या काळात इथं नऊ जणांच्या मंडळाचं राज्य होतं. बहुतेक व्यापारी आणि सावकार. सरदार घराण्यांना मज्जाव. मुदत फक्त दोन महिने, आणि तेवढे दोन महिने सभासदांनी नगरभवनातच मुक्काम ठोकायचा. सणवार सोडला तर बाहेर पडायची परवानगी नाही. ‘जरा घरी जेवून येतो’ म्हणून कोरम मोडायची सोयच ठेवलेली नव्हती.

या नवांनी १२९७ साली नियम केला : चौकाकडं तोंड करून घर बांधायचं तर खिडक्या सडपातळ खांबांच्या हव्यात आणि गॅलरी काढायची नाही. आमचे साडू बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. गाइडनं हे सांगताच त्यांनी सगळ्या घरांवरून सावकाश नजर फिरवली आणि विचारलं, “बरं, ज्यांनी आधीच काढल्या होत्या, त्यांच्या दंड भरून नियमित केल्या असतील ना?” गाइडला प्रश्न कळला नाही. सुखी माणूस!

चौक सपाट नाही. वरच्या अर्धगोल कडेपासून तो खाली नगरभवनाच्या पायाशी उतरत जातो. लाल विटांची फरसबंदी, तिच्यात पांढऱ्या दगडाच्या रेघा, आणि त्या रेघांनी पाडलेले बरोबर नऊ भाग. कमिटीनं आपली सहीच जमिनीवर करून ठेवली आहे म्हणा ना. गाइड म्हणाली, हा शिंपला आहे. बायको म्हणाली, “शिंपला कसला, सूप आहे सूप!” साडूंना आकारात रस नव्हता. त्यांनी पाण्याची बाटली आडवी ठेवून उतार तपासला. बाटली गडगडत निघाली आणि खाली उन्हात पहुडलेल्या एका जोडप्याच्या कुशीत जाऊन थांबली. (इथं बाकं नाहीत. सगळं जग विटांवरच लोळतं.) तिच्या मागोमाग साडू. परत आले ते प्रसन्न चेहऱ्यानं. “तळाला जाळी आहे राव! सगळं पाणी तिथं जातं. चौदाव्या शतकात!” पावसाळ्यातल्या आमच्या गल्लीच्या आठवणीनं दोघंही गप्प झालो.

नगरभवनाचा मनोरा जवळजवळ नव्वद मीटर उंच. त्याला नाव मात्र वास्तुकाराचं नाही की राज्यकर्त्याचंही नाही. सगळी कमाई खाण्यात उडवणारा एक घंटा वाजवणारा होता, त्याच्या टोपणनावावरून ‘तोर्रे देल मांजा’. साडू म्हणाले, “खाणाऱ्याचं नाव द्यायची पद्धत फार जुनी दिसते.” मनोरा पुरा झाला १३४८ साली. त्याच वर्षी प्लेग आला आणि गावाचा फार मोठा भाग मेला. तरी १३४९ मध्ये विटांचं काम पुरं झालेलं आहे. इथं मला विनोद सुचत नाही. अशा वर्षात ज्यांनी काम थांबवलं नाही, त्या कमिटीच्या आभाराचा ठराव मी मनातल्या मनात मांडला.

नगरभवनातल्या सभेच्या दालनात लोरेन्झेत्ती या चित्रकारानं १३३८-३९ मध्ये सुराज्य आणि कुराज्य भिंतींवर रंगवलं, सभासदांच्या डोळ्यांसमोर राहावं म्हणून. आज सुराज्याची भिंत बऱ्यापैकी शाबूत आहे आणि कुराज्याचीच जास्त पडझड झाली आहे. आपल्याकडं अनुभव उलटा.

१३५५ मध्ये नवांना लोकांनी हाकललं. त्यांच्यानंतर आलेल्यांचा एक निर्णय ऐकण्यासारखा आहे. चौकाच्या वरच्या अंगाला कारंजं आहे, ‘फोन्ते गाया’. १३४२ मध्ये तिथं भुयारी पाटांतून पाणी आलं. गावात सापडलेली व्हीनसची एक प्राचीन मूर्ती या कारंज्यावर मोठ्या कौतुकानं बसवलेली होती. मग युद्धात अपयश यायला लागलं आणि खापर फुटलं व्हीनसच्या डोक्यावर. १३५७ मध्ये मूर्ती उतरवली, फोडली, आणि घिबेर्ती हा शिल्पकार लिहितो की तुकडे गुपचूप फ्लोरेन्सच्या हद्दीत नेऊन पुरले. म्हणजे अपशकून तरी शेजाऱ्याला लागावा! त्याचा उपयोग झालेला दिसत नाही. १५५५ मध्ये सिएना पडलं आणि पुढं फ्लोरेन्सच्याच ताब्यात गेलं.

पण भांडणाची हौस शिल्लक आहे. गावात सतरा मोहल्ले : हंस, गोगलगाय, सुरवंट, कासव वगैरे. २ जुलै आणि १६ ऑगस्टला त्यातले दहा या चौकात माती पसरून घोड्यांची शर्यत लावतात. खोगीर नाही. तीन फेऱ्या, दीड मिनिटाच्या आत-बाहेर खेळ खलास. स्वार पडला तरी घोडा एकटा जिंकू शकतो. शर्यतीआधी घोड्याला देवळात नेऊन आशीर्वाद देतात, आणि त्यानं तिथंच लीद टाकली तर शुभशकुन. नवरा-बायको वेगळ्या मोहल्ल्यांतले असतील तर त्या दिवसांत आपापल्या मोहल्ल्यात जाऊन राहतात, असं सांगतात. हे ऐकून बायको आणि तिची ताई एकमेकींकडं बघून हसल्या, ते आम्हा साडूंना अजून सतावतं आहे.

जाणार असाल तर एक सांगतो. चौकाच्या मधोमध उभं राहून ही शर्यत फुकट बघता येते, पण त्यासाठी तासन्‌तास आधी आत जावं लागतं. वाटा बंद झाल्या की शर्यत संपेपर्यंत बाहेर सोडत नाहीत, आणि आत स्वच्छतागृह नाही. चहा पिऊन जाऊ नका.