शेतकरी झालेल्या गुंतवणूकदार साहेबांस

प्रति,
मा. गुंतवणूकदार साहेब,
मुक्काम कर्जत-खालापूर (फक्त शनिवार-रविवार)



सर्वप्रथम, आपण शेतकरी झालात याबद्दल मनःपूर्वक अभिनंदन. आम्हाला त्यासाठी शेतकऱ्याच्या पोटी जन्म घ्यावा लागला, आपलं काम एका दाखल्यावर झालं. बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकत घेऊ न देणारं 1948 च्या कूळकायद्याचं 63 वं कलम अजून जिवंत आहे म्हणतात. पण लांबच्या कुठल्याशा जिल्ह्यातल्या सातबाऱ्यावर आपलं नाव चढलं आणि ते कलम अदबीने बाजूला झालं. आता आपण आमचे जातभाई. या, बसा. चिखल आहे, जरा जपून.

शेतीत खासगी गुंतवणूक यायला हवी, असं आम्ही वर्षानुवर्षं भाषणांत ऐकत आलो. जगभर ऐकवतात. पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियाने तर हे भाषण फार लवकर मनावर घेतलं. 1926 साली फायरस्टोन या अमेरिकी टायर कंपनीला तिथे 10 लाख एकरांपर्यंत जमीन 99 वर्षांच्या पट्ट्याने घेण्याची मुभा मिळाली, भाडं एकरी वर्षाला 6 सेंट. त्या सौद्याला आजही नावं ठेवली जातात आणि ठेवायलाच हवीत. पण साहेब, फायरस्टोनने तिथे रबर तरी लावलं. आपण काय लावलंत? कंपाऊंड लावलंत, गेट लावलंत आणि गेटवर ‘ग्रीन’ शब्द असलेली पाटी लावलीत. आत निळ्या फरशीचं शेततळंही आहे. त्यात माणसं पोहताना दिसतात, पण तो मत्स्यशेतीचा नवा प्रकार असावा.

आपल्या कंपाऊंडबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण नकाशात ते कळत नाही. भाताची खाचरं उतरत्या पायऱ्यांनी असतात. वरच्या खाचरात पाणी भरलं की बांधाला ठेवलेल्या वाटेने ते खालच्यात येतं, तिथून त्याच्या खालच्यात. ते कधी अडवायचं, कधी सोडायचं, यावरून आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या भांडणं झाली आणि ती मिटवलीही गेली. आपण मधल्या दोन खाचरांत मुरूम टाकून ती सपाट केलीत आणि भोवती भिंत घातलीत. आता जुलैत खालच्या खाचरात भाताच्या रोपांचं आवण लावावं तर भिंतीच्या कोपऱ्यातून एकदम लोंढा येतो, आवण घेऊन जातो. सप्टेंबरात दाणा भरायच्या वेळी पाणी हवं, तर भिंतीपलीकडून थेंब येत नाही. भातानंतर त्याच ओलीवर वाल व्हायचे. ओलच नाही, तर वाल कुठले? गुरांची वाटही भिंतीत गेली. पण आपल्या लॉनला फवारे फार छान आहेत.

रोजगाराचं आपण दिलेलं वचन मात्र पाळलंत, खोटं कशाला बोलू! ज्याची जमीन घेतलीत त्यालाच वॉचमन ठेवलंत. स्वतःच्याच जुन्या बांधावर उभं राहून तो आता गाड्यांचे नंबर लिहून घेतो. कातकरी बायकांना गवत काढायचं कामही मिळतं, दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाईपर्यंत.

आता आमचंही लिहितो, नाहीतर म्हणाल एकतर्फी आहे. विकणारे आम्हीच होतो. दलालही परका नव्हता, गावचाच होता. ‘पनवेल-कर्जत लोकल आली की गुंठ्याचा भाव बघ’ हे तोच सांगत फिरला. 2025-26 चा साधारण भाताचा हमीभाव क्विंटलला 2,369 रुपये आहे. लावणीची मजुरी, खत आणि ट्रॅक्टर वजा करून पाहा, म्हणजे सही करताना कुणाचा हात का थरथरला नाही ते कळेल. पैसा हवा होता, तो आपण दिलात. पण तो जमिनीत आला, शेतीत आला नाही. एवढी साधी गोष्ट गुंतवणुकीचे गोडवे गाणाऱ्या एकाही वक्त्याच्या लक्षात येऊ नये, याचं नवल वाटतं.

गंमत म्हणजे खासगी भांडवलाने कर्जतच्या भाताचं भलं केल्याचं एक उदाहरण आहे आणि ते करणाऱ्याच्या मनात भात नव्हताच. टाटांचं भिवपुरीचं वीजघर 1922 सालचं. वीज मुंबईसाठी होती. चाकं फिरवून झालेलं पाणी पेज नदीत उतरलं, पुढे राजनाल्याने शेतात आलं आणि कर्जतकर उन्हाळ्यातही भात काढू लागले. (वर मावळात ज्यांच्या जमिनी धरणाखाली गेल्या, त्यांना हे पाणी केवढ्याला पडलं, ते वेगळं विचारावं लागेल.) म्हणजे विजेत गुंतवणूक झाली आणि भात पिकला. आपली गुंतवणूक थेट शेतीत, पिकला तो गुंठ्याचा भाव.

शेतीच करायची असती, तर शिकायला लांब जावं लागलं नसतं. नेरळजवळ मालेगावात शेखर भडसावळ्यांची सगुणा बाग आहे. नांगरणी, चिखलणी, लावणी वगळून गादीवाफ्यावर भात टोकायची ‘एसआरटी’ पद्धत तिथलीच. पाहुणे तिथेही येतात, पण शेत बघायला येतात. कर्जतला भात संशोधन केंद्र आहे. ‘कर्जत-3’, ‘कर्जत-7’ ही वाणं तिथली. कर्जतच्या नावाचं बियाणं इतर तालुक्यांत पेरलं जातं, आपल्या कर्जतच्या जमिनीत मात्र त्याचा दाणा पडलेला नाही. तरी शेतीचं उत्पन्न आयकरातून माफ असल्याने कुणाकुणाच्या पड जमिनीतही कागदावर भरघोस पिकतं म्हणे. ती पद्धत कोणती, हे एकदा आमच्या कृषी सहायकाला समजावून सांगा.

विनंती दोनच. 2021 पासून ई-पीक पाहणी आली आहे, शेतात उभं राहून मोबाइलवर पिकाचा फोटो टाकायचा असतो. येत्या खरिपात आपल्या सातबाऱ्यावर ‘पड’ ऐवजी भात दिसू दे. दुसऱ्याला कसायला दिलं तर कूळ लागेल, अशी भीती वकिलाने घातली असेल, तर मजुरी देऊन स्वतःच करून घ्या. लावणीला माणसं आम्ही देतो. आणि मृगाच्या आधी गवंडी बोलावून, भिंतीच्या तळाशी जुन्या बांधाच्या जागी पाण्याला वाट पाडून घ्या. खर्च आपल्या एका रविवारच्या पार्टीहून कमी येईल.

आपला नम्र,
खालच्या खाचराचा धनी