विश्वास आहे, पावती घ्या

27 जुलै 2023 रोजी भारत सरकारचा आमच्यावर विश्वास बसला. आधी कोणी कळवलं नव्हतं, नाहीतर पेठेत निदान पेढे तरी वाटले असते. लोकसभेत मणिपूरवरून घोषणा चालल्या होत्या, हातातले फलक नाचत होते. त्या गदारोळात वाणिज्य आणि उद्योगमंत्री पीयूष गोयल यांचं जनविश्वास विधेयक आवाजी मतदानाने मंजूर झालं. अशा वेळी होकाराचा आवाज कोणता आणि निषेधाचा कोणता, हे ओळखायला पीठासीन अधिकाऱ्याचा कान फार तयार लागतो. तो होता. 2 ऑगस्टला राज्यसभेचाही आमच्यावर विश्वास बसला.

एकोणीस खात्यांचे 42 कायदे आणि त्यातल्या 183 तरतुदी, असा हा ऐवज होता. कुठे तुरुंगवास काढला, कुठे दंड काढला, कुठे तडजोडीने प्रकरण मिटवायची सोय केली. इतकी वर्षं आपण काय काय गुन्हे करण्याच्या बेतात होतो, ते ही यादी वाचल्यावरच समजतं. 1927 च्या वन कायद्यात राखीव जंगलात गुरं चारली तर सहा महिन्यांपर्यंतची कैद होती. आता 500 रुपयांपर्यंत दंड भरला की झालं. पुण्यात वेताळ टेकडीवर पहाटे फिरायला जाणाऱ्या मंडळींना हे वाचून हायसं वाटलं. त्यांच्यापैकी कोणाकडे म्हैस नाही. पण उद्या घेतली तर?

1898 च्या टपाल कायद्यातली तर शिक्षेची सगळीच कलमं या विधेयकाने उपटून काढली. राष्ट्रपतींची सही झाली 11 ऑगस्टला. आदल्याच दिवशी, म्हणजे 10 ऑगस्टला, सरकारने राज्यसभेत नवं टपाल विधेयक मांडलं होतं, आणि त्यात 1898 चा अख्खा कायदाच रद्द करायचं कलम होतं. डिसेंबरात तेही मंजूर झालं. रिडेव्हलपमेंटला निघालेल्या सोसायटीने पाडकामाच्या आधी जिन्याला रंग काढून घ्यावा, तशातली गत. पण 183 हा आकडा भरायचा तर जिनाही मोजावा लागतो.

नाना पेठेतल्या एका किराणा-भुसारवाल्या शेठना मी ही बातमी द्यायला गेलो. त्यांच्या गल्ल्यामागची भिंत एकदा बघण्यासारखी आहे. डावीकडे शॉप अॅक्ट, त्याच्या खाली जीएसटीचा दाखला, मग अन्न परवाना, मग काटा पासिंगचा कागद. एकेक सरकार आलं, एकेक फ्रेम वाढली. मध्ये दुकान काढणाऱ्या आजोबांचा हार घातलेला फोटो होता. तो आता परवान्यांनी इतका झाकलाय, की पागोट्याचा शेव आणि एक कान तेवढा दिसतो. काढायचं म्हटलं तर आजोबाच काढता येतात, बाकीचं सगळं दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे.

“शेठ, आता तुरुंग नाही,” मी म्हटलं.

“होता कधी?” शेठ डाळीच्या पोत्यात हात घालून दाणे बघत होते. “आजोबांपासूनचं दुकान आहे. या लायनीत कायद्याखाली आत गेलेला माणूस मी तरी पाह्यला नाही. साहेबाला खुर्ची दिलेली पाह्यलीय. चहा सांगितलेला पाह्यलाय.”

मी समजावून सांगितलं, की आता बऱ्याच बाबतीत प्रकरण कोर्टात जाणार नाही. सरकार न्यायनिर्णयन अधिकारी नेमेल, तो चौकशी करेल आणि दंड ठरवेल. अपीलही खात्यातच.

शेठनी हात झटकले. “म्हणजे बघा. आधी साहेब म्हणायचा, कोर्टात पाठवीन. आम्ही म्हणायचो, पाठवा. तिथं तारीख पडते. तारीख पडली की पुढची तारीख पडते. तोवर साहेबाची बदली, आमचा निभाव. आता तपासणार साहेब, ऐकून घेणार साहेब, निकाल देणार साहेब. चहा एकच सांगायचा, एवढी बचत.”

आता न्यायाने बोलायचं तर एखादा फॉर्म उशिरा भरला म्हणून माणसाला कैद सांगणारी कलमं जायलाच हवी होती. ती कुठल्याही सरकारने काढली असती तरी चांगलंच म्हणावं लागलं असतं. दुखणं दुसरीकडे आहे. कायद्यातून बाहेर पडला तो तुरुंग, आणि तो वापरात नव्हता. वापरात होता तो साहेब. तो जागच्या जागी आहे, उलट त्याला बढती मिळाली.

या कायद्यातलं एक कलम मला अतोनात आवडलं. दंडाची जी किमान रक्कम असेल, ती दर तीन वर्षांनी दहा टक्क्यांनी आपोआप वाढायची. पुन्हा संसदेत यायला नको, चर्चा नको, गोंधळ नको. सदाशिव-नारायणातल्या वाडामालकांनी या कलमाची फ्रेम करून दिंडी दरवाजात लावावी. भाडेकरूंच्या दोन पिढ्या गेल्या तरी त्यांना जे साधलं नाही, ते गोयलसाहेबांनी एका ओळीत साधलं.

असो. 11 ऑगस्टला सही झाली आणि त्याच दिवशी अधिवेशन संपलं. खासदार घरोघर गेले. आठ दिवस विश्वासाचे गेले. 19 ऑगस्टला, शनिवारी, कांद्याच्या निर्यातीवर 40 टक्के शुल्क बसलं. त्यासाठी विधेयक लागलं नाही, समिती लागली नाही, कोणाचा आवाज मोठा हेही बघावं लागलं नाही. अर्थखात्याची एक अधिसूचना पुरली. नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांचे लिलाव बंद पडले. राज्याचे कृषिमंत्री धनंजय मुंडे दिल्लीला धावले. तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस जपानमध्ये होते. त्यांनी तिथूनच दिल्लीला फोन लावले आणि 2410 रुपये क्विंटलने दोन लाख टन कांदा केंद्र खरेदी करणार, ही बातमी लासलगावाला टोकियोमार्गे समजली. कांदा निर्यात झाला नाही, पण कांद्याचा निर्णय मात्र आयात झाला.

8 डिसेंबरपासून तर निर्यात साफ बंद. तेव्हा हिवाळी अधिवेशन चालू होतं, सभागृह भरलेलं होतं. पण सभागृहाला विचारायचं असतं ते म्हशीच्या दंडाचं. कांद्याचं परकीय व्यापार महासंचालनालय बघतं.

गोयलसाहेबांची अडचण मी समजू शकतो. त्या काळात वाणिज्य त्यांच्याकडे होतं आणि ग्राहक व्यवहार व अन्नही त्यांच्याकडेच. वाणिज्यमंत्र्याने माल बाहेर घालवायचा, ग्राहकमंत्र्याने तो आत अडवायचा. सकाळी वाणिज्य भवनात बसून निर्यातवाढीचं भाषण करायचं आणि दुपारी कृषी भवनात जाऊन सकाळच्या भाषणाला हरकत घ्यायची. दोन मंत्री असते तर निदान भांडण तरी झालं असतं, पेपरात आलं असतं.

पुण्याला हा प्रकार नवा नाही. 1977 साली आमचे खासदार मोहन धारिया जनता सरकारात वाणिज्य, नागरी पुरवठा आणि सहकार अशी तिन्ही खाती सांभाळत होते. म्हणजे विकणारे तेच, पुरवणारे तेच आणि सोसायटी काढून वाटणारेही तेच. त्याच्या दोनच वर्षं आधी, जयप्रकाश नारायणांशी बोलणी करा असं उघड म्हटल्याबद्दल इंदिराबाईंनी त्यांना मंत्रिमंडळातून घालवलं होतं. पुढे त्यांनी वनराई काढली आणि झाडं लावली. तीन खाती एका अंगावर वागवल्यावर माणसाला झाडांची संगत बरी वाटत असावी.

बंदी उठली 4 मे 2024 ला, ऐन लोकसभा निवडणुकीत, आणि उठली तीही 40 टक्के शुल्क मागे ठेवून. त्या निवडणुकीत कांद्याने कोणाची किती मतं खाल्ली, ते दिंडोरीला विचारावं. शुल्क पूर्ण गेलं 1 एप्रिल 2025 ला. तारीख बघून कोणी लगेच मनावर घेतलं नाही.

मग 18 ऑगस्ट 2025 ला गोयलसाहेबांनी लोकसभेत दुसरं जनविश्वास विधेयक मांडलं. या खेपेला 16 कायदे आणि 355 तरतुदी, त्यातल्या 288 शिक्षामुक्त करायच्या. ते तेजस्वी सूर्या यांच्या प्रवर समितीकडे गेलं. एकेक कलम तपासून बघायचं म्हणजे समिती हवीच. त्याआधी 24 जुलैला ब्रिटनशी व्यापार करार झाला. स्कॉच व्हिस्कीवरचं 150 टक्के शुल्क आधी 75 वर आणि दहा वर्षांत 40 वर येणार. विलायती मोटारींना ठरावीक संख्येपर्यंत शुल्कात सवलत, म्हणजे मोटारी बनवणाऱ्या चाकणचाही त्यात संबंध आला. असा करार ब्रिटनमध्ये 21 बैठकांचे दिवस संसदेपुढे ठेवावा लागतो आणि सभागृह त्याला अडवूही शकतं. तसा त्यांचा 2010 चा कायदा आहे. आपल्याकडे करार मंत्रिमंडळाच्या अखत्यारीत येतो, त्याला संसदेच्या मतदानाची गरज पडत नाही. ज्यांनी आम्हाला संसद शिकवली ते अजून विचारून करतात, आम्ही केल्यावर निवेदन देतो.

नव्या विधेयकातली एक सोय मात्र शेठना पसंत पडली. दहा कायद्यांतल्या 76 गुन्ह्यांना पहिल्या वेळी नुसती समज किंवा ताकीद द्यायची. वजनमापाच्या कायद्यात तर काटा चुकीचा निघाला तरी आधी सुधारणा नोटीस. अमुक दिवसांत दुरुस्त करा, मग बघू.

“हे चांगलंय,” शेठ म्हणाले. “पण एकतर्फी का? आपण पण पाठवू.”

मला उत्साह आला. तिथेच गल्ल्यावर बिलाच्या पाठीमागे मसुदा केला: प्रति, वाणिज्य मंत्रालय, नवी दिल्ली. विषय, कांदा निर्यातीवर पूर्वसूचना न देता घातलेली बंदी. आपली ही प्रथम चूक असल्याने बाजारपेठ आपल्यावर कोणतीही कारवाई करू इच्छित नाही. तरी कृपया सुधारणा करावी.

शेठनी चष्मा लावून दोनदा वाचलं. मग ‘प्रथम’वर बोट ठेवलं.

“2019 च्या सप्टेंबरात बंदी कोणी घातली होती?”

“ह्यांनीच.”

“आणि 2020 च्या सप्टेंबरात?”

“ह्यांनीच.”

“मंत्री?”

“हेच.”

शेठनी कागद माझ्याकडे सरकवला. “मग सवलत बसत नाही. रेग्युलर दंड लावा.”